गुडघ्याचं निमित्त

याकोपो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. जन्मला तेव्हाच असा थोराड होता की दवाखान्यातली नर्स आईला म्हणाली होती, "बाई, हा आत्ता झाला की शाळेतून आला?" आई आमची लवकर गेली. त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, शाळेत पोचवणं सगळं मीच केलं. त्यामुळे पुढे तो केवढाही दांडगा झाला, टीव्हीवर दिसला, तरी मला त्याच्या कानामागचा साबणच आठवायचा.

आमचे पापा, फिलेमोनी लेमालु, आधी काहुकूच्या साखर कारखान्यात होते. कारखाना बंद पडल्यावर रस्तेदुरुस्तीच्या खात्यात लागले. चर्चमध्ये वडीलधारे म्हणून मान होता. शनिवारी सकाळी चर्चमागच्या मैदानात ते लहान पोरांना फुटबॉल शिकवायचे. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे डोक्याला हेल्मेट, खांद्यांना कवच आणि समोरच्याला धडक. गावात पोरगं चालायला लागलं की दुसऱ्या दिवशी त्याला कुणीतरी धडक मारायला शिकवतंच. पापांची शिकवण एका वाक्याची होती. पोराच्या हेल्मेटवर बोटांनी टकटक करायचे आणि म्हणायचे, "आधी डोकं. डोकं खाली घाल आणि घुस. डोकं गेलं की अंग मागोमाग येतंच."

याकोपो तेच शिकला, आणि सगळ्यांपेक्षा चांगलं शिकला.

दर फेब्रुवारीत लीगचा ऑल-स्टार सामना आमच्या बेटावर, हलावाच्या स्टेडियममध्ये व्हायचा. हंगाम संपलेला, विजेता ठरलेला. मग वर्षभरातले निवडक खेळाडू दोन संघांत वाटून हा एक सामना. हरण्या-जिंकण्याला काही अर्थ नाही, नुसता सोहळा. पापा आम्हाला सकाळीच ट्रकच्या मागे घालून न्यायचे, बरोबर उकडलेले तारोचे कंद आणि डबाबंद मांस. सगळं स्टेडियम चेंडू फेकणाऱ्याकडे नाहीतर पळणाऱ्याकडे बघायचं. पापा बघायचे पुढच्या रांगेतल्या पाच धिप्पाड माणसांकडे. चेंडू फेकणाऱ्यावर चालून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. पापा म्हणायचे, "ह्यांच्याकडे कुणी बघत नाही. म्हणून आपण बघायचं."

पण निवडलेले सगळे यायचे कुठे? जाहीर झालेली नावं वेगळी आणि मैदानात उतरलेले चेहरे वेगळे. कुणाची पोटरी धरली, कुणाची पाठ, कुणाचा गुडघा. गुडघा फार चालायचा. आणि आठवड्याने तोच गुडघा शेजारच्या माउई बेटावर गोल्फच्या मैदानात हिंडताना कुणीतरी पाहिलेला असायचा. पापांचं डोकं फिरायचं. "मेजवानीचं आवतण आलं तर जायचं," ते म्हणायचे. "भूक नसली तरी जायचं. दोन घास खायचे. न जाणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारणं." आम्ही दोघं मान हलवायचो. आम्हालाही ते लोक नालायक वाटायचे.

पुढे याकोपो शिष्यवृत्तीवर समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरच्या कॉलेजात गेला, तिथून एका थंड शहरातल्या व्यावसायिक संघात. त्याच रांगेत, डावीकडून दुसरा. नऊ हंगाम खेळला. त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि त्याच्या कामात हीच शाबासकी असते. ज्याच्या बाजूने चेंडू फेकणारा कधी आडवा होत नाही, त्याचं नाव समालोचकाच्या तोंडी येईलच कशाला? शेजारच्या हौउला गावातल्या लेइमोमीशी, आमच्या मोमीशी, त्याचं लग्न झालं. तिआ नावाची मुलगी झाली. सुट्टीत यायचा तेव्हा माझ्या कोळंबीच्या गाडीमागे बसून लसणीच्या लोण्यातली कोळंबी भाताबरोबर खायचा, आणि गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून मी त्याच्यापुढे पोती रचायचे. नाहीतर धंदा बाजूला आणि फोटोच फोटो.

नवव्या हंगामात ऑल-स्टारसाठी त्याचं नाव राखीव खेळाडूंत आलं. तेही चौथं. त्याचं त्यालाच हसू आलं. पण त्या वर्षी पुढचे तिघेही गळाले. तिघांचे मिळून दोन गुडघे आणि एक घोटा. आणि याकोपोला बोलावणं आलं.

त्याने घरी फोन केला, तो पापांनी घेतला. ऐकून ते उठले. अंगणात गेले, नळ सोडला, तोंड धुतलं, नळ बंद केला, परत सोडला आणि पुन्हा तोंड धुतलं.

मग गावाला वेड लागलं. चर्चची बस ठरली. लाल सदरे छापून आले, पाठीवर सदुसष्ट, याकोपोचा आकडा. पापांनी पागो पागोहून, आमच्या मूळ बेटावरून, त्यांच्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं. अंगणात उमूसाठी, तापल्या दगडांच्या भट्टीसाठी, खड्डा खणला, दगड निवडले, तीन डुकरं सांगितली. बस चालवणारा फोनोती गावातला नंबर एकचा टवाळ. तो येता-जाता ओरडायचा, "सिएनी, तुझ्या भावाला सांग, चौथा का होईना, पण आला! आमच्याकडे देवसुद्धा चौथ्या प्रार्थनेलाच ऐकतो!"

विमानतळावर त्याला आणायला मी आणि मोमीचा भाऊ गेलो. माळा घातल्या, रडून झालं. परत येताना याकोपो म्हणाला, "मी चालवतो. किती दिवसांनी हा रस्ता." मी शेजारी बसले. मोमी आणि तिआ मागच्या गाडीत.

आता आमचा रस्ता म्हणजे काय, एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर. मधे डांबराची एक पट्टी. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. कहानाचं वळण आलं आणि याकोपोने गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवर तसेच. समोर बघत म्हणाला, "सिएनी, आता कुठे?"

मी हसले. "समुद्रात! कुठे म्हणजे काय, गाढवा?"

तो हसला नाही. माझ्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच भाव होते, जे लहानपणी बाजारात माझा हात सुटला होता तेव्हा होते. माझं हसू जागच्या जागी आटलं.

"सरळ," मी म्हणाले. "सरळ चल. मी आहे ना."

घरी पोचेपर्यंत तो नेहमीसारखा झाला होता. पापांच्या पाया पडला, काकांना उचलून घेतलं, पोरीला मांडीवर नाचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आधी, तो गाडीवर आला. मी कोळंबी सोलत होते. त्याच्याकडे न बघता मी विचारलं, "काल काय झालं होतं?"

तोही सोलायला बसला. एवढाल्या बोटांनी कोळंबी सोलताना तो नेहमी विनोदी दिसायचा. त्या दिवशी दिसला नाही.

"नोव्हेंबरात एक धडक बसली," तो म्हणाला. "त्यानंतरचा अर्धा सामना मी खेळलो म्हणे. चांगला खेळलो. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. मग ख्रिसमसच्या आधी पुन्हा. मग आणखी एकदा. ऊन डोळ्यांत सुईसारखं टोचतं. आणि कधी कधी नावं जातात. परवा तिआला हाक मारायची होती. तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. पोरगी समोर उभी, आणि मी 'ए, इकडे ये' म्हणालो."

"डॉक्टर?"

"डॉक्टर विचारतो, ठीक आहेस का? मी म्हणतो, ठीक आहे. दोघांनाही तेच हवं असतं."

"मोमीला माहीत आहे?"

"मोमीला सगळं माहीत आहे. आता तुला."

मी हात धुतले. "मग हा सामना खेळू नकोस. नाहीतर असं कर, उतर आणि नुसता उभा राहा. ह्या सामन्यात कुणी खरं खेळतं का? सगळे एकमेकांना खांदा लावून हसतात."

"तेच तर," तो म्हणाला. "बाकीच्यांना तसं खेळता येतं. मला नाही येणार. वर पापा बसलेले असतील, सगळं गाव लाल सदऱ्यात. पापा रांगेकडेच बघतात, सिएनी. एकही चेंडू सोडत नाहीत. त्यांच्यासमोर मी नुसता उभा राहीन? पहिल्याच चेंडूला मी डोकं खाली घालून घुसेन. मला दुसरं येतच नाही."

"मग पापांना खरं सांग."

त्याने हातातली कोळंबी ठेवली. "काय सांगू? की तुम्ही शिकवलं त्याने झालं? आधी डोकं, आधी डोकं. नऊ वर्षं नाही, मी पाच वर्षांचा असल्यापासून. हे कळलं तर ते जगतील का?" मग म्हणाला, "त्यांना माझा राग येऊ दे. राग आला की माणूस जेवतो तरी."

त्याने माझ्याकडून वचन घेतलं. आमच्यात भावाने बहिणीपुढे हात पसरला तर बहीण नाही म्हणत नाही.

पापा आणि काका अंगणात उमूचे दगड रचत होते. दोन शेजारी, फोनोती, बायका, सगळी होती. याकोपो सरळ जाऊन पापांसमोर उभा राहिला.

"पापा, मी खेळणार नाही. संघाला कळवलंय."

पापांनी दगड खाली ठेवला. "का?"

"गुडघा."

पापा त्याच्या पायांकडे बघत राहिले.

"कुठला?"

याकोपोला उत्तर द्यायला किंचित वेळ लागला. "उजवा."

"काल त्याच गुडघ्यावर पोरीला नाचवत होतास."

याकोपोने उजवा पाय मागे घेतला.

"एकच चेंडू," पापा म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी एवढा मऊ ऐकला नव्हता. "एक चेंडू खेळ आणि बाहेर ये. कुणाला हात लावू नको. कडेला उभा राहा. माझा भाऊ समुद्र ओलांडून आलाय, पोरा."

"तुमच्यासमोर मला तसं नाही खेळता येणार, पापा."

मला ह्या वाक्याचा अर्थ माहीत होता. पापांना तो भलताच लागला. त्यांची मान ताठ झाली.

"आमच्यासमोर खेळायची लाज वाटते? त्या गोल्फवाल्यांत जाऊन बसलास होय? बस. तूही गुडघा धर."

ते घरात गेले. काका त्यांच्या मागे गेले. फोनोती दगडांकडे बघत म्हणाला, "मग डुकरांना काय सांगायचं? त्यांनाही गुडघा दुखतोय म्हणावं?" कुणी हसलं नाही, पण नंतर ते वाक्य गावभर झालं.

सामन्याच्या दिवशी पापांनी बस रद्द केली नाही. "मी सगळ्यांना बोलावलंय," म्हणाले. लाल सदरा घातला, वर शंखांची माळ घातली आणि पुढच्या बाकावर बसले. बस सुटणार एवढ्यात मोमीची गाडी आली आणि याकोपो उतरला. मी खिडकीतून म्हणाले, "अरे, तू कशाला?"

"पापांनी सगळ्यांना बोलावलंय ना," तो म्हणाला. "मग मलाही."

याकोपो बसच्या पायऱ्या चढत असताना फोनोती मोठ्याने म्हणाला, "सांभाळून, उसो, भावा, सांभाळून! गुडघा बघा रे त्याचा, कुणीतरी धरा!" आणि बस हसली. याकोपोही हसला आणि अगदी मागच्या बाकावर जाऊन बसला. सदुसष्ट आकड्याच्या पाठी सगळ्या त्याच्याकडे. हलावापर्यंत त्याच्याशी तिआखेरीज कुणी बोललं नाही.

स्टेडियममध्ये त्याला लपायला जागा नव्हती. एवढं मोठं माणूस टोपी घालून लपत नाही. पेपरात गळालेल्यांत त्याचं नाव आलंच होतं. मागच्या ओळीतल्या एकाने ओळखलं. "काय रे, इथल्याच मातीतला ना तू? बाहेरचेही येत नाहीत आणि तूही नाही? आम्ही तिकीट कुणाला बघायला काढायचं?" भुईमुगाची टरफलं त्याच्या मानेवर पडली. त्याने ती झटकली नाही. पापा दोन ओळी पुढे होते. त्यांना ऐकू गेलं होतं. मान वळली नाही.

त्याच्या जागी मुख्य भूमीवरच्या मक्याच्या मुलखातला कुठलासा गोरा पोरगा खेळत होता, पाचवा राखीव. त्याला आनंद मावत नव्हता. गर्दीला हात काय करत होता, कानशिलं लाल काय होत होती. याकोपोने सबंध वेळ त्याच्यावरची नजर काढली नाही. एकदा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "बघ, पाय किती सुरेख टाकतो. आणि डोकं बघ, मागे ठेवतो. ह्याला कुणीतरी चांगलं शिकवलंय." बाकी सामना नेहमीसारखाच. धटिंगण एकमेकांना असे भिडत होते जसे लग्नातले पाहुणे. फोनोती वळून ओरडला, "ह्याला गुडघा लागतो होय? ह्यात तर माझी आजी खेळेल, आणि ती वारलीय!"

डुकरं शेजारच्या गावांत वाटली. काका ठरल्यापेक्षा आधी परत गेले.

त्या वसंतात याकोपोने खेळ सोडला. संघाच्या डॉक्टरला त्याने खरं सांगितलं, आणि मोठ्या शहरातल्या इस्पितळात त्याच्या डोक्याच्या पुष्कळ तपासण्या झाल्या. हे इथे मोमीखेरीज आणि माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. गावाला एवढंच दिसलं की घरच्या सामन्याला तोंड चुकवलं आणि पुढे संघानेही ठेवलं नाही. देव बघतो हो, असं बायका माझ्या गाडीवर भात घेता घेता म्हणायच्या, मला ऐकू जाईल अशा बेताने. तो हौउलाला राहायला आला. शाळेच्या मैदानांचं गवत कापायची नोकरी धरली. यंत्र हळू चालतं, आवाज एकसारखा असतो, त्याला बरं वाटायचं. रविवारी चर्चमध्ये पापा आणि तो एकाच बाकावर बसायचे, मधे दोन माणसांची जागा सोडून. बोलणं पावसाचं नाहीतर भरतीचं. "गुडघा कसा आहे?" हे गावात नमस्काराच्या जागी झालं होतं. तो म्हणायचा, "बरा आहे, तुमचा?"

मला राग यायचा. एकदा मी म्हणाले, "किती दिवस हसं करून घेणार आहेस?" तो म्हणाला, "हसू दे. कुणाचं काही मोडत नाही त्यात."

मग पापांची कंबर गेली आणि शनिवारच्या पोरांना शिकवायला कुणी राहिलं नाही. पाद्रीबाबांनी याकोपोला विचारलं. तो नको म्हणाला, मग महिनाभराने स्वतःच जाऊन हो म्हणाला. त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की सगळ्या पोरांची हेल्मेटं काढून चर्चच्या खोलीत ठेवून दिली. आया धावत आल्या. "डोकं उघडं असलं की माणूस ते सांभाळतो," तो त्यांना म्हणाला. "सांभाळायची सवय लागली की मग देतो." सबंध पावसाळा पोरं उघड्या डोक्याने नुसती हळूहळू एकमेकांना धरायला शिकत होती.

पापा मैदानाच्या कडेला ट्रकमध्ये बसून बघायचे. काच वर. एका शनिवारी काच खाली झाली. याकोपो ओरडत होता, "डोकं वर! वर! ज्याला अडवायचं त्याचे डोळे दिसले पाहिजेत. हात पुढे, डोकं मागे. डोकं शेवटी!"

दुपारी पापा माझ्या गाडीवर आले. त्यांच्यासाठी मी भात वाढला. त्यांनी हात लावला नाही.

"सिएनी, तो पोरांना उलटं का शिकवतो?"

"मला काय कळतंय त्यातलं, पापा?"

"हौउलाहून इथपर्यंत गाडी मोमीच का चालवते?"

मी तवा घासायला घेतला.

"मागल्या रविवारी त्याने मला विचारलं, काका कधी येणार. माझा भाऊ वारला त्याला वर्ष झालं. पुरताना हाच पुढे होता." पापा माझ्याकडे बघत होते. "गुडघा नव्हता ना?"

"मला विचारू नका, पापा. मी शब्द दिलाय."

दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मग पापांनी आपला पंजा उघडला, बोटं मिटली आणि लाकडी फळीवर टकटक केली, हेल्मेटवर करायचे तशी. एकदा. दुसऱ्यांदा उचललेला हात त्यांनी खाली आणला नाही. उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मोमीचा फोन. "सिएनी, लवकर ये. पापा अंगणात बसलेत. मला भीती वाटते."

मी पोचले तेव्हा हौउलाच्या त्या खडीच्या अंगणात पापा मांडी घालून बसले होते. मान खाली. डोक्यावरून, खांद्यांवरून चटई घेतलेली, माझ्या आईच्या लग्नातली, रेशमासारख्या बारीक विणीची. ती आमच्या घरात कधी कुणी अंथरलीसुद्धा नव्हती. आमच्यात एखाद्या घराने दुसऱ्या घरावर फार मोठा घाव घातला, कुणाचा जीव घेतला, तर त्या घरातले वडीलधारे असे चटई पांघरून समोर जाऊन बसतात. ह्याला इफोगा म्हणतात. आतल्यांनी येऊन चटई उचलली तर माफी झाली. नाही उचलली तर तसंच बसायचं, ऊन असो, पाऊस असो. घराण्यापुढे घराणं बसतं. बाप मुलापुढे बसलेला कुणी पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. रस्त्याच्या पलीकडे माणसं जमायला लागली होती.

दार उघडलं आणि याकोपो बाहेर आला. त्याने पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला, आणि समजलं तसा तो पायरीवरच खाली बसला. मग रांगत, खडीवरून गुडघे घासत, तो पापांपर्यंत गेला आणि दोन्ही हातांनी चटई उचलली.

"पापा, उठा. लोक बघतायत."

"बघू दे. तुला नाही का बघितलं त्यांनी?"

"तुम्हाला कुठे माहीत होतं, पापा?"

"मी विचारलं कुठे?" पापा म्हणाले. "कुठला गुडघा, एवढंच विचारलं. बापाने विचारायचं ते विचारलं नाही."

"तुम्हाला तुमच्या पापांनी तसंच शिकवलं होतं."

"होय. आणि त्यांचं डोकं शेवटी फिरलं होतं. आम्ही म्हणायचो, वय झालं." पापांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. टकटक नाही, नुसता हात. "दुखतं का रे?"

"सकाळी जरा."

मोमीने कॉफी आणली. दोघंही तिथेच खडीवर बसून प्यायले. मी आणि मोमी उभ्या राहिलो. बसायचं सुचलंच नाही.

पुढच्या रविवारी पापांनी चर्चमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. लपवलं नाही, रंगवलं नाही. माझ्या मुलाने माझं तोंड राहावं म्हणून स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं, एवढं बोलून खाली बसले. बाहेर आल्यावर फोनोती केळीचा अख्खा घड घेऊन याकोपोपुढे उभा. "उसो, त्या दिवशी बसमध्ये मी..."

"बस चांगली चालवलीस तू," याकोपो म्हणाला. "आणि तुझ्या आजीचं मला पटलं होतं. खेळली असती ती."

त्यानंतर पापा ट्रकमध्ये बसेनात. मैदानात खोकं उलटं टाकून त्यावर बसायचे आणि याकोपोच्याही आधी ओरडायचे, "डोकं वर!" जुन्या सवयीने कधी तोंडून भलतंच निघायचं. पोरं हसायची आणि म्हणायची, "अंकल, उलटं!"

तो ऑल-स्टार सामना पुढे आमच्या बेटावरून गेला. म्हणे आता तो धडका मारून खेळतच नाहीत. कुणाला फारशी चुटपुट लागली नाही.

पापा गेले ते झोपेत. अंत्यविधीला चर्च बाहेरपर्यंत भरलं होतं. बोलायला याकोपो उभा राहिला. मोमी म्हणाली होती, कागदावर लिहून ने. तो म्हणाला, पापांबद्दल कागदावर बघून बोलू? तो सांगायला लागला की एकदा पाद्रीबाबांच्या जेवणासाठी सगळ्यात वरचं विलायती फणसाचं फळ काढायला पापा चांगल्या कपड्यांत झाडावर कसे चढले, आणि अर्ध्यात लाल मुंग्या कशा लागल्या. लोक हसत होते. आणि मधेच तो थांबला.

त्याची नजर हरवली. हात बाजूला लोंबत राहिले. मोमी उठणार होती, मी तिचा हात धरला. चर्चमध्ये इतकी माणसं, पण कुणी खोकलं नाही, कुणी पुढचा शब्द सांगितला नाही, कुणी खाली बघितलं नाही. सगळे नुसते थांबले. एक तान्हं रडलं, त्याला आईने छातीशी घेतलं. बाहेर वारा होता.

"मी कुठे होतो?" याकोपो शेवटी म्हणाला.

पुढच्या बाकावर शेजारच्या लाइए गावची एक म्हातारी होती, टोपीवर कागदी फुलं लावलेली. ती शांतपणे म्हणाली, "तुझे पापा अजून झाडावरच आहेत, बाळा. काही घाई नाही. सावकाश उतरव."